डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डीटूएच: सहाचे चार झाले, ग्राहकाचं काय झालं?

११ नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द होऊन तीन दिवस झाले होते, अख्खा देश बँकेच्या रांगेत उभा होता. त्या गदारोळात झालेली एक घोषणा फारशा कुणाच्या डोळ्यांत भरली नाही: डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डीटूएच या छत्रीवरून टीव्ही दाखवणाऱ्या कंपन्या एक होणार. दोघींचे मिळून २ कोटी ७६ लाख ग्राहक, वर्षाची उलाढाल सुमारे ५,९०० कोटी रुपये. नव्या कंपनीत डिश टीव्हीच्या भागधारकांचा वाटा ५५.४ टक्के, डीटूएचच्या भागधारकांचा ४४.६ टक्के. पैशांची देवघेव नाही, सगळा व्यवहार शेअरच्या अदलाबदलीत.

कंपन्या एक झाल्या की ग्राहकाची निवड कमी होते, हे आपण सगळेच धरून चालतो. दुकानं कमी झाली की भाव चढतात, इतकं साधं ते वाटतं. या प्रकरणात मात्र तसं घडलं नाही, आणि का घडलं नाही हे पाहण्यासारखं आहे. ग्राहकाचं भलं झालं असं मला म्हणायचं नाही. त्याची निवड मुळात दुसऱ्याच ठिकाणी अडकलेली होती, आणि विलीनीकरणाला मंजुरी देताना तिकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

आधी दोन्ही घरांची ओळख. डिश टीव्ही ही सुभाष चंद्रांच्या एस्सेल समूहाची, म्हणजे झीच्या घरातली. २००३ साली सुरू झालेली देशातली पहिली खासगी डीटीएच सेवा, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर चॅनेल. व्हिडिओकॉन म्हणजे औरंगाबादचे धूत. पैठण रस्त्यावर चितेगावला त्यांचा टीव्हीचा कारखाना, आणि एकेकाळी मराठवाड्यात ‘व्हिडिओकॉनमध्ये आहे’ असं सांगितलं की स्थळं चालून यायची. त्यांनी २००९ मध्ये डीटूएच आणलं, म्हणजे तसं उशिराच. पण टीव्ही बनवणाऱ्याकडे एक हुकमी पान होतं: ज्याच्या आतच सेट टॉप बॉक्स आहे असा टीव्ही त्यांनी बाजारात उतरवला. २०१५ मध्ये डीटूएच अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारावर गेलं. समूहावरचं कर्ज मात्र वाढतच होतं. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. म्हणजे एका बाजूला पसरायची हौस, दुसऱ्या बाजूला सुटायची घाई.

घोषणेच्या वेळी बाजारात पैसे घेऊन चॅनेल दाखवणाऱ्या सहा डीटीएच कंपन्या होत्या: डिश टीव्ही, टाटा स्काय, एअरटेल, सन डायरेक्ट, व्हिडिओकॉन डीटूएच आणि रिलायन्स बिग टीव्ही. सातवी दूरदर्शनची फ्री डिश, ती फुकट. बिग टीव्ही त्याच सुमारास मालक बदलून बाजाराबाहेर गेल्यात जमा झाली. त्यामुळे मार्च २०१८ मध्ये, २२ तारखेला, हे विलीनीकरण प्रत्यक्षात आलं तेव्हा सहाचे चार झालेले होते.

कंपन्यांच्या एकत्रीकरणाला परवानगी देणाऱ्या स्पर्धा आयोगाची मंजुरी त्याआधी मे २०१७ मध्येच मिळाली होती. अशा मंजुरीत खरा वाद एकाच गोष्टीवर असतो: बाजार म्हणजे नेमकं काय? अंश पक्का आहे, २ कोटी ७६ लाख. छेद कोणता घ्यायचा? देशात तेव्हा टीव्ही असलेली घरं सुमारे साडेसतरा कोटी धरली जायची. त्यांनी भागलं तर नव्या कंपनीचा वाटा सोळा टक्क्यांच्या आत येतो. एवढ्यावरून कोण घाबरेल? पण पैसे भरणारी डीटीएच घरं तेव्हा सहा कोटींच्या थोडी वर होती. तो छेद घेतला की तोच आकडा चव्वेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर जातो. कंपन्या पहिला छेद पुढे करणार हे उघड आहे, आणि तो खोटाही नाही. केबल, फ्री डिश, पुढे मोबाइल आणि फायबर, हे सगळे पर्याय असतातच. प्रश्न इतकाच, की ते कुणाला असतात?

पुण्यात कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला हे सगळे पर्याय आहेत. केबलवाला खाली उभा आहे, दोन-तीन कंपन्यांचं फायबर जिन्यापर्यंत आलेलं आहे, आणि मुलं तशीही टीव्हीवर मोबाइलचंच ॲप लावून बसतात. त्याच जिल्ह्यात वेल्हे-भोरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर, किंवा संगमेश्वर-राजापूरकडे कातळावर सुटी सुटी घरं असलेल्या गावात, केबल टाकायला कुणी जात नाही. दहा घरांसाठी दोन किलोमीटर वायर ओढणं कुणालाच परवडत नाही. मोबाइलची रेंज एका ठरावीक दगडावर उभं राहिलं की येते. तिथे टीव्ही म्हणजे छत्री. पैसे भरायचे तर डीटीएच, नाही भरायचे तर फ्री डिश. त्या माणसासाठी खरा छेद सहा कोटींचाच होता, आणि सहाचे चार झाले तेव्हा त्याच्या निवडीतलेच दोन गेले. राष्ट्रीय सरासरीत हा माणूस सापडत नाही.

हा मुद्दा माझा नाही, अमेरिकेत तो पूर्वीच मांडला गेला होता. तिथल्या उपग्रह टीव्हीच्या दोन मोठ्या कंपन्या, डायरेक्टटीव्ही आणि एकोस्टार, २००१ मध्ये एकत्र यायला निघाल्या. (एकोस्टारच्या सेवेचं नाव डिश नेटवर्क, आपल्या डिश टीव्हीशी त्याचा संबंध नाही.) ऑक्टोबर २००२ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं तो प्रस्ताव फेटाळला आणि न्याय खात्यानं तो अडवण्यासाठी दावा लावला. शहरात केबल धरून तिघांचे दोन होतील, पण केबल न पोचलेल्या ग्रामीण घरांसाठी दोघांचा एकच उरेल, हे त्या विरोधाचं एक मुख्य कारण होतं. त्या डिसेंबरात कंपन्यांनी प्रस्ताव मागे घेतला. आपल्याकडे चार उरत होते, त्यामुळे प्रसंग तितका टोकाचा नव्हता हे मान्य. मोजायची पद्धत मात्र घेण्यासारखी होती. केबलच्या बाबतीत आपल्या ट्रायनंसुद्धा (टीव्हीचे दर आणि नियम पाहणारं दूरसंचार नियामक प्राधिकरण) २०१३ मध्ये देश नव्हे तर राज्य हा बाजार धरून मक्तेदारी मोजा, अशी शिफारस केलेली होती.

आता गच्चीवर जाऊ. महाराष्ट्रात कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर पाहा, सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतील. पण जरा निरखून पाहिलं तर त्यांची तोंडं नेमकी एका दिशेला नाहीत. टाटाचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, डीटूएचचा ८८ वर, सनचा ९३.५ वर, डिश टीव्हीचा ९५ वर, एअरटेलचा १०८ च्या पुढे. छत्री एवढी नेमकी लावावी लागते की वाऱ्यानं बोटभर हलली तरी पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं. ती लावायचा सोहळाही ठरलेला: एक जण गच्चीवर पाना घेऊन, एक जण टीव्हीसमोर, आणि मधल्या जिन्यातून ‘आलं का?’ ‘आलं आलं... गेलं!’ अशा आरोळ्या.

आता समजा एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीकडे जायचं आहे. ताटली बहुतेक वेळा तीच चालते, फक्त फिरवावी लागते. बॉक्स मात्र चालत नाही. प्रत्येक कंपनीनं आपलं प्रक्षेपण आपल्या कुलपात ठेवलेलं असतं आणि बॉक्समधलं कार्ड म्हणजे त्या कुलपाची किल्ली. दुसऱ्याच्या उपग्रहाकडे तोंड फिरवलंत तरी तुमचा बॉक्स आंधळाच राहतो. म्हणजे नवा बॉक्स, नवी बसवणूक, दीड-दोन हजारांचा खर्च, आणि जुन्या खात्यावर वर्षाचं रिचार्ज केलेलं असेल तर उरलेले दिवस परत मागत कोण बसतं? मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, गॅसचा वितरकही बदलता येतो. डीटीएचमध्ये तशी सोय नाही. गंमत अशी की डीटीएचचे परवाने देतानाच, २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, कुठल्याही कंपनीला चालेल असा बॉक्स द्यावा ही अट होती. कागदावर ती पाळलीही गेली, घरात मात्र कधी दिसली नाही. एप्रिल २०२० मध्ये ट्रायनं पुन्हा तशीच शिफारस सरकारला केली. बॉक्स अजून कुलपातच आहेत.

माझ्या मते या प्रकरणाची नस इथे आहे. ग्राहकाची निवड छत्रीचे बोल्ट आवळले त्या दिवशीच बरीचशी संपलेली असते. त्यानंतर बाजारात सहा कंपन्या असोत की चार, त्याला फरक पडतो तो बॉक्स बिघडला, घर बदललं किंवा लग्नात नवा टीव्ही आला तरच. त्यामुळे विलीनीकरणाच्या दुसऱ्या दिवशी कोट्यवधी घरांत काहीच बदललं नाही. कंपनी एक, पण उपग्रह दोन, कुलपं दोन आणि नावंही दोन, डिश टीव्ही वेगळं आणि डीटूएच वेगळं. व्हिडिओकॉन हे नाव गळलं, डीटूएच राहिलं. तांत्रिकदृष्ट्या दुसरं काही शक्यही नव्हतं. सगळ्यांना एका उपग्रहावर आणायचं तर कोटभर गच्च्यांवर माणूस पाठवावा लागला असता. पण याचा एक मजेदार परिणाम झाला. दुकानाच्या फळीवर अजून दोन वेगळे खोके दिसत होते, दोन वेगळे पॅक, दोन वेगळ्या जाहिराती. गिऱ्हाईक त्यांची तुलना करून, दुकानदाराशी घासाघीस करून एक निवडायचं, आणि दोन्ही खोक्यांचा गल्ला एकच होता. दिसणारी निवड आणि असणारी निवड यांत एवढा फरक दुसऱ्या धंद्यात क्वचित पाहायला मिळतो.

मग या कंपनीनं भाव का चढवले नाहीत? इथे दुसरी गोष्ट आडवी आली. मार्च २०१७ मध्ये ट्रायनं नवा दर आदेश काढला. चॅनेलवाल्यांनी तो कोर्टात नेला, ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ट्रायच्या बाजूनं निकाल दिला, आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून तो लागू झाला. त्या महिन्यात ज्यानं ज्यानं रिमोट घेऊन एकेक चॅनेल निवडायचा प्रयत्न केला त्याला तो चांगलाच आठवत असेल. या आदेशाखाली चॅनेलची किंमत चॅनेलवाला ठरवतो आणि ती सगळीकडे सारखीच राहते: केबल असो, टाटा असो की डिश. पॅकमध्ये घालायचं चॅनेल १९ रुपयांच्या वर जाऊ शकत नव्हतं. डीटीएच कंपनीच्या हातात उरलं ते नेटवर्क भाडं, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोचवण्याचे पैसे. पहिल्या शंभर चॅनेलना जास्तीत जास्त १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. आणि चॅनेलवाल्याकडून तिला मिळणारं कमिशन व सूट मिळून ३५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नव्हती.

आता विलीनीकरणाच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद आठवा. मोठी कंपनी चॅनेलवाल्यांशी घासाघीस करेल, स्वस्तात चॅनेल घेईल आणि तो फायदा ग्राहकाला देईल. घासाघिशीला जागाच ३५ टक्क्यांच्या चौकटीत. आणि विरोधातला नेहमीचा युक्तिवाद, मोठी कंपनी भाव चढवेल: भावालाही वरून झाकण. म्हणजे दोन्ही बाजूंनी ज्या परिणामांवर एवढा वाद घातला असता, ते दोन्ही परिणाम विलीनीकरणानंतर वर्षभरात दर आदेशानं निम्मेअधिक निकामी केले. बिलं मात्र अनेक घरांत वाढली, आणि त्याचा राग लोकांनी छत्रीवाल्यावर काढला. बिल वाढलं ते बहुतेक चॅनेलच्या छापील किमतींमुळे आणि वर बसलेल्या १३० रुपयांच्या भाड्यामुळे. छत्रीवाले दोन होते की एक, याचा त्यात फारसा हात नव्हता.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो कंपनीचा जास्त आणि ग्राहकाचा कमी आहे. एकत्र येऊन देशात पहिल्या नंबरवर गेलेली ही कंपनी तिथे टिकली नाही. एस्सेल समूह कर्जात सापडला, तारण ठेवलेले शेअर २०२० मध्ये येस बँकेकडे गेले आणि बँक सगळ्यात मोठी भागधारक होऊन बसली. मग संचालक मंडळावरून बँक आणि जुने मालक यांच्यात जुंपली. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं परवाना शुल्काच्या थकबाकीपोटी ४,१६४ कोटींची मागणी केली. २०२२ मध्ये कंपनीचे अध्यक्ष, सुभाष चंद्रांचे भाऊ जवाहर गोयल पायउतार झाले. विलीनीकरणाच्या वेळी हिशोबाच्या पुस्तकात दाखवलेली ‘गुडविल’ची, म्हणजे नावलौकिकाची, किंमत हजारो कोटींनी खाली आणावी लागली. २०२४ पर्यंत डीटीएचमधला तिचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास आला होता, आणि टाटा व एअरटेल दोघेही पुढे निघून गेले होते.

बाजारही आटला. ट्रायच्या आकड्यांप्रमाणे पैसे भरणारे डीटीएच ग्राहक मार्च २०२१ अखेर सुमारे ६ कोटी ९६ लाख होते. मार्च २०२४ अखेर ६ कोटी २० लाख, मार्च २०२५ अखेर ५ कोटी ६९ लाख. शहरातला माणूस फायबरवर गेला. गावातला मोठा भाग फ्री डिशवर गेला: एकदा छत्री-बॉक्सचे पैसे दिले की पुन्हा रिचार्ज नाही, सह्याद्री आहे, काही खासगी मराठी चॅनेलही आहेत. हे आकडे पाहून कुणी म्हणेल की बघा, लोकांना पर्याय होते, म्हणजे साडेसतरा कोटींचा मोठा छेदच बरोबर होता. सोडून जाणाऱ्यांपुरतं ते बरोबरही आहे. पण मागे राहिलेले ५ कोटी ६९ लाख कोण, हे कुणी पाहायचं? जो सहज निघू शकत होता तो निघाला. जो उरला त्याच्यापाशी फायबर नाही, किंवा त्याला फ्री डिशवर न दिसणारी मालिका आणि क्रिकेट हवं आहे. बाजार जसा आटतो तसा उरलेला ग्राहक अधिक अडकलेला असतो.

म्हणूनच २०२५ चा प्रसंग मला २०१६ पेक्षा जास्त गंभीर वाटतो. त्या फेब्रुवारीत एअरटेलनं जाहीर केलं की टाटा प्ले आणि आपला डीटीएच व्यवसाय एकत्र आणण्याची बोलणी चालू आहेत. (टाटा स्कायचं नाव २०२२ पासून टाटा प्ले.) चाराचे तीन, आणि त्यातल्या एकाकडे जवळपास साठ टक्के ग्राहक. बाकीच्या दोघांपैकी सन डायरेक्टचा जोर मुख्यतः दक्षिणेत, म्हणजे सातारा-नगरच्या माणसासाठी व्यवहारात तीनही नाहीत. आणि २०१९ मध्ये होतं ते झाकणही आता नाही: जुलै २०२४ मध्ये ट्रायनं नेटवर्क भाड्यावरची मर्यादा काढून टाकली, कंपन्यांनी काय घ्यायचं ते घ्यावं. स्पर्धा आहे म्हणून मर्यादा नको, असा त्यामागचा विचार. मग स्पर्धक एकत्र येऊ लागले तर मर्यादा परत आणायची का, हा प्रश्न कुणाच्या टेबलावर आहे ते सांगता येत नाही, कारण विलीनीकरण पाहणारा आयोग वेगळा आणि दर पाहणारं प्राधिकरण वेगळं. ३ मे २०२५ ला बोलणी संपल्याचं जाहीर झालं आणि प्रश्न तूर्त टळला.

मराठी प्रेक्षकाच्या बिलापुरतं बोलायचं तर याहून महत्त्वाचं विलीनीकरण छत्रीत झालेलंच नाही, ते वरच्या मजल्यावर झालं. चॅनेलची किंमत चॅनेलवाला ठरवतो हे वर आलंच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सचा आणि डिस्नेचा इथला टीव्ही व्यवसाय एक होऊन जिओस्टार झालं, आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी एका मालकाखाली आले. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत एकमेकांच्या मालिकांना टक्कर देणारी ही दोन घरं. आयोगानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी देताना सात चॅनेल विकण्याची कंपन्यांची तयारी नोंदवून घेतली. झी आणि सोनी यांचं असंच जमत आलेलं लग्न जानेवारी २०२४ मध्ये मोडलं, नाहीतर झी मराठी आणि सोनी मराठीही एकाच अंगणात आले असते, आणि मराठी मनोरंजनाच्या चार मोठ्या चॅनेलचे मालक दोनच राहिले असते. त्यानंतर तुमची छत्री कुठल्याही कंपनीची असती तरी पॅक त्याच दोन घरांचे घ्यावे लागले असते.

छत्रीवाल्यांच्या एकत्रीकरणाचा पुढचा अर्ज येईल तेव्हा आयोगानं राष्ट्रीय टक्केवारी बाजूला ठेवून दोन कागद मागवावेत. एक, पिनकोडवार यादी: या दोन कंपन्यांच्या ग्राहकांपैकी किती जणांच्या घरापर्यंत केबल किंवा फायबर पोचलेलं नाही. दुसरा, गेल्या वर्षी आपल्यापैकी एकाला सोडून दुसऱ्याकडे गेलेले ग्राहक किती, आणि त्या प्रत्येकाला नव्या बॉक्ससाठी किती पैसे मोजावे लागले. दोन्ही आकडे कंपन्यांच्या संगणकात आजही आहेत. बसवणुकीची पावती फाडल्याशिवाय छत्री लागतच नाही.